संगणक सांगेल कुणाचा फोन: मोडेमवर 'कॉलर आयडी' सुरू करण्याच्या आज्ञा

दूरध्वनीची घंटा वाजली की घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उमटतो: 'कुणाचा असेल?' मोबाइलच्या स्क्रीनने या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे केले आहे, की तारेच्या दूरध्वनीवर ते कसे मिळते याचा विचार सहसा केला जात नाही. मात्र दवाखाने, छोटी कार्यालये, दुकाने आणि ज्येष्ठ नागरिकांची घरे येथे तारेचा दूरध्वनी अजूनही वाजतो. आलेल्या प्रत्येक फोनची नोंद संगणकावर आपोआप व्हावी, नको असलेला फोन उचलण्यापूर्वीच ओळखता यावा, अशी गरज तेथे असते. ही गरज एक साधा व्हॉइस मोडेम आणि एका ओळीची आज्ञा यांच्या साहाय्याने भागू शकते.

आज्ञा एका ओळीची असली तरी ती दिल्यावर क्रमांक दिसेलच याची खात्री नसते. दूरध्वनी केंद्राने क्रमांक पाठवला पाहिजे, तो मोडेमला समजणाऱ्या पद्धतीने पाठवला पाहिजे, मोडेममधील चिपमध्ये तो वाचण्याची सोय हवी आणि ती सोय आज्ञेने जागी केलेली हवी. या चार कड्यांपैकी आज्ञा ही केवळ शेवटची कडी आहे. साखळी नेमकी कोठे तुटली हे ओळखता आले, तर मोडेमवर कॉलर आयडी बसवण्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

दोन घंटांमधील निरोप

कॉलर आयडीची सेवा सामान्य ग्राहकांपर्यंत प्रथम अमेरिकेत पोहोचली. न्यू जर्सी राज्यातील हडसन परगण्यात १९८७ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि त्यानंतर ती इतर राज्यांत पसरली. अमेरिकेत घंटा २ सेकंद वाजते आणि ४ सेकंद शांत राहते. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेमधील या शांततेत दूरध्वनी केंद्र एक छोटा निरोप पाठवते. तो कानांना क्षणभराच्या खरखरीसारखा वाटेल. पण ऐकण्याची वेळच येत नाही, कारण तेव्हा रिसिव्हर जागेवर असतो.

या निरोपासाठी 'बेल २०२' ही जुनी मोडेम पद्धत वापरली जाते. १२०० हर्ट्झचा स्वर म्हणजे 'एक' आणि २२०० हर्ट्झचा स्वर म्हणजे 'शून्य'. वेग सेकंदाला १२०० बिट. प्रारंभी 'शून्य-एक-शून्य-एक' अशी आळीपाळीने ३०० बिटांची मालिका येते, त्यामागून १८० बिट सलग 'एक' येतात आणि मग प्रत्यक्ष माहिती सुरू होते. केवळ तारीख, वेळ व क्रमांक असलेला २१ बाइटचा निरोप घेतला, तर प्रत्येक बाइटमागे १० बिट धरून २१० बिट होतात. एकूण ६९० बिट, म्हणजे जेमतेम ०.५८ सेकंदाचे काम. एवढ्या अवधीत मोडेम जागा नसेल, तर तो निरोप पुन्हा येत नाही.

'एटी' आज्ञांची भाषा

मोडेमशी बोलण्याची भाषा १९८१ मध्ये आलेल्या 'हेज स्मार्टमोडेम'ने रूढ केली. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी तयार केलेल्या या यंत्राला द्यावयाची प्रत्येक आज्ञा 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होत असे. 'अटेन्शन' म्हणजे 'लक्ष द्या' या शब्दाचे ते लघुरूप. पुढे इतर उत्पादकांनीही हीच पद्धत उचलली. मूळ मोडेमच्या काळात कॉलर आयडीची सेवा नव्हती. त्यामुळे ती आली तेव्हा प्रत्येक चिप उत्पादकाने आपापली आज्ञा ठरवली आणि एकाच कामासाठी अनेक आज्ञा प्रचारात आल्या.

येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता टाकाव्यात आणि शेवटी एंटर कळ दाबावी.

- एटी+व्हीसीआयडी=१ : व्हॉइस मोडेमसाठीच्या आंतरराष्ट्रीय 'व्ही.२५३' मानकातील आज्ञा. अलीकडच्या व्हॉइस मोडेमवर प्रथम हीच वापरून पाहावी.
- एटी#सीआयडी=१ : रॉकवेल व तिची वारसदार कोनेक्संट यांच्या चिप असलेल्या अनेक जुन्या मोडेमवर, तसेच यूएस रोबोटिक्सच्या अनेक मोडेमवर चालणारी आज्ञा.
- एटी%सीसीआयडी=१, एटी#सीसी१, एटी*आयडी१ : इतर उत्पादकांच्या जुन्या मोडेमवर आढळणाऱ्या आज्ञा.
- एटी#सीएलएस=८#सीआयडी=१ : मोडेमला आधी व्हॉइस अवस्थेत नेऊन मग कॉलर आयडी सुरू करणारी जोडआज्ञा. नव्या मोडेमवर व्हॉइस अवस्थेसाठी एटी+एफक्लास=८ ही आज्ञा असते.

पहिल्या दोन आज्ञांमध्ये बरोबर-चिन्हापुढील अंकाला अर्थ आहे. ० म्हणजे सेवा बंद, १ म्हणजे ओळीओळीने मांडलेली माहिती आणि २ म्हणजे केंद्राकडून आला तसा कच्चा निरोप.

जुळवणीचे टप्पे

१. दूरध्वनी कंपनीकडे चौकशी. कॉलर आयडी ही केंद्राकडून सुरू करावी लागणारी सेवा आहे. भारतात ती 'सीएलआयपी' किंवा 'क्लिप' या नावाने ओळखली जाते. जोडणीवर ती सुरू नसेल, तर मोडेमला कोणतीही आज्ञा दिली तरी उपयोग होत नाही. क्रमांक दाखवणारा साधा दूरध्वनी संच त्याच तारेला लावून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

२. टर्मिनल आज्ञावली. विंडोज ९५ पासून विंडोज एक्सपीपर्यंत 'हायपर टर्मिनल' ही आज्ञावली विंडोजसोबतच येत असे. व्हिस्टापासून ती वगळण्यात आली. आता विंडोजवर 'पुटी' आणि लिनक्सवर 'मिनिकॉम' या मोफत आज्ञावली हे काम करतात. विंडोजमध्ये मोडेमचा कॉम पोर्ट 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पाहावा. तोच पोर्ट टर्मिनलमध्ये निवडून ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी मांडणी ठेवावी.

३. मोडेम जागा आहे का? केवळ 'एटी' टाकून एंटर दाबावे. 'ओके' असे उत्तर आले, तर संगणक व मोडेम यांचे बोलणे सुरू झाले. टाकलेली अक्षरे दिसत नसतील तर एटीई१ ही आज्ञा द्यावी.

४. जुनी मांडणी पुसणे. एटी&एफ या आज्ञेने मोडेम कारखान्यातील मूळ मांडणीवर येतो. एटीआय३ दिल्यास अनेक मोडेम आपले नाव किंवा चिपची माहिती सांगतात.

५. आज्ञेची चाचणी. एटी+व्हीसीआयडी=? असे विचारल्यावर मोडेमने स्वीकारार्ह अंक दाखवले, तर ही आज्ञा त्याला समजते. 'एरर' आल्यास यादीतील पुढची आज्ञा वापरावी.

६. सेवा सुरू करणे. एटी+व्हीसीआयडी=१ द्यावी. 'ओके' आल्यावर एटी+व्हीसीआयडी? असे विचारून १ नोंदला गेल्याची खात्री करावी.

७. आपोआप उत्तर बंद. एटीएस०=० ही आज्ञा विसरू नये. 'एस०' या नोंदवहीत १ हा अंक असेल, तर मोडेम पहिल्याच घंटेला फोन उचलतो आणि दोन घंटांमध्ये येणारा निरोप हुकतो. मोडेमकडून फॅक्स घ्यायचे असतील तर तेथे २ किंवा त्याहून मोठा अंक ठेवावा.

८. मांडणी जपणे. एटी&डब्ल्यू या आज्ञेने मोडेमची बरीच मांडणी साठवता येते; परंतु कॉलर आयडीची निवड अनेक मोडेम वीज जाताच विसरतात. म्हणून नोंदणीच्या आज्ञावलीत, सुरुवातीलाच द्यावयाच्या आज्ञांमध्ये तिचा समावेश करणे श्रेयस्कर.

पडद्यावर काय उमटते?

सर्व कड्या जुळल्या, तर घंटा येताच टर्मिनलमध्ये प्रथम 'रिंग' हा शब्द येतो आणि त्याखाली पुढील प्रकारच्या ओळी येतात. क्रमांक नमुन्यादाखल, केवळ काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतील आहे.

डेट = ०३२१
टाइम = १४०५
एनएमबीआर = २०१५५५०१२३

पहिली ओळ २१ मार्च ही तारीख सांगते. महिना आधी आणि दिवस नंतर. या निरोपात वर्ष नसते, ते नोंदवहीच्या आज्ञावलीला संगणकाच्या घड्याळातून घ्यावे लागते. दुसरी ओळ दुपारी २ वाजून ५ मिनिटे ही वेळ दाखवते. केंद्र नावही पाठवत असेल, तर 'नेम' ही चौथी ओळ येते. क्रमांकाच्या जागी 'पी' हे अक्षर आले तर फोन करणाऱ्याने क्रमांक मुद्दाम झाकला आहे, आणि 'ओ' आले तर क्रमांक केंद्रापर्यंत पोहोचलेलाच नाही, असा अर्थ घ्यावा.

तपासणीची बेरीज

एटी+व्हीसीआयडी=२ दिल्यास हाच निरोप सोळाच्या पायावरील अंकांत दिसतो. वरील नमुन्याचा कच्चा निरोप असा होईल. वाचनाच्या सोयीसाठी येथे गट पाडले आहेत:

०४ १२ / ३० ३३ ३२ ३१ ३१ ३४ ३० ३५ / ३२ ३० ३१ ३५ ३५ ३५ ३० ३१ ३२ ३३ / ६२

पहिला ०४ निरोपाचा प्रकार सांगतो: एकच माहिती असलेला साधा निरोप. नावासह येणाऱ्या विस्तारित निरोपाची सुरुवात ८० ने होते. दुसरा १२ म्हणजे दशमान पद्धतीतील १८. पुढे १८ अक्षरे आहेत. ३० म्हणजे '०', ३१ म्हणजे '१', याप्रमाणे पुढील दोन गटांत तारीख-वेळ आणि क्रमांक वाचता येतो. शेवटचा ६२, म्हणजे दशमान ९८, हा तपासणीचा अंक. त्याआधीच्या सर्व बाइटांची दशमान बेरीज ९२६ होते. तीत ९८ मिळवले की १०२४ होतात आणि १०२४ ला २५६ ने पूर्ण भाग जातो. तारेतील खरखरीमुळे एखादा बिट बदलला, तर हा हिशेब चुकतो. अशा वेळी मांडणीच्या रूपातील माहिती अनेक मोडेम दाखवतच नाहीत. कधी क्रमांक येतो आणि कधी येत नाही, अशी तक्रार असेल तर तारेचे सांधे तपासावेत. तारेवर ब्रॉडबँड असल्यास मोडेमपूर्वी फिल्टर बसवला आहे का, तेही पाहावे.

केवळ 'रिंग' दिसते तेव्हा

भारतात मोडेम जोडणाऱ्यांना सर्वाधिक येणारा अनुभव असा, की आज्ञेला 'ओके' मिळते, घंटा वाजताना 'रिंग' उमटते आणि त्याखाली काहीच येत नाही. शेजारच्या दूरध्वनी संचावर मात्र क्रमांक दिसत असतो. मोडेम बिघडला आहे, असा ग्रह येथे सहज होतो. प्रत्यक्षात मोडेम आणि केंद्र दोन वेगळ्या भाषांत बोलत असतात.

भारतातील अनेक दूरध्वनी केंद्रांनी क्रमांक पाठवण्यासाठी अमेरिकी पद्धतीऐवजी 'डीटीएमएफ' पद्धत वापरली. दूरध्वनीची बटणे दाबताना ऐकू येणारे दुहेरी स्वर ते हेच. या पद्धतीत तारेवरील विजेची दिशा क्षणात उलटवून इशारा दिला जातो आणि मग क्रमांकाचा एकेक अंक त्या स्वरांत पाठवला जातो. 'बेल २०२'ची वाट पाहणाऱ्या मोडेमला हे स्वर निरर्थक वाटतात. 'अ‍ॅस्टेरिस्क' या प्रसिद्ध मुक्तस्रोत दूरध्वनी आज्ञावलीत तर भारतातील या पद्धतीसाठी वेगळी निवड द्यावी लागली. भारतीय बाजारात विकल्या गेलेल्या अनेक दूरध्वनी संचांवर 'एफएसके व डीटीएमएफ' असे दोन्ही उल्लेख असत, त्यामागचे कारणही हेच.

ही अडचण केवळ भारताची नाही. ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेल्या सेवेत निरोप पहिल्या घंटेपूर्वीच येतो आणि त्याचे स्वर १३०० व २१०० हर्ट्झचे असतात. म्हणून अनेक मोडेममध्ये देशाचा संकेतांक ठरवण्याची सोय असते. एटी+जीसीआय=? असे विचारल्यास मोडेम आपल्याला ठाऊक असलेल्या देशांची यादी देतो. त्यात अमेरिकेचा संकेतांक बी५, ब्रिटनचा बी४ आणि भारताचा ५३ आहे. यादीत ५३ असेल तर एटी+जीसीआय=५३ ही आज्ञा देऊन मग कॉलर आयडी सुरू करावा. देश बदलला तरी चिपमध्ये डीटीएमएफ वाचण्याची सोय असेलच असे नाही. ती नसेल तर डीटीएमएफचे रूपांतर एफएसकेमध्ये करणारी छोटी पेटी तार आणि मोडेम यांच्यामध्ये जोडणे हा उपाय उरतो. नवा मोडेम घेताना माहितीपत्रकात या दोन शब्दांपैकी कोणता आहे, हे पाहून घेणे शहाणपणाचे.

फायबरच्या जोडणीवर दूरध्वनी आला असेल, तर चित्र पुन्हा बदलते. तेथे घंटा आणि क्रमांकाचा निरोप ग्राहकाच्या घरातील पेटीच तयार करते. काही पेट्यांच्या मांडणीत एफएसके किंवा डीटीएमएफ अशी निवड असते; ती एफएसके केल्यास साधा मोडेमही क्रमांक वाचू लागतो.

सिमकार्डाचा मोडेम

तारेची जोडणी नसलेल्या कार्यालयांत सिमकार्ड घालावयाचा मोडेम वापरता येतो. तेथे आज्ञा प्रमाणित असल्याने गोंधळ कमी होतो. एटी+क्लिप=१ दिल्यावर प्रत्येक 'रिंग'पाठोपाठ '+क्लिप' ने सुरू होणारी ओळ येते. तीत अवतरणचिन्हांत क्रमांक आणि त्यापुढे प्रकार असतो. १४५ म्हणजे देशाच्या संकेतांकासह आंतरराष्ट्रीय स्वरूप, तर १२९ म्हणजे स्वरूप निश्चित नाही. नोंदवहीत एकाच व्यक्तीचे दोन क्रमांक दिसू लागले, तर हे दोन प्रकार वेगवेगळे साठवले गेले आहेत का, हे आधी पाहावे.

दिसणारा क्रमांक म्हणजे पुरावा नव्हे

कॉलर आयडीभोवतीचा पहिला वाद गोपनीयतेचा होता. फोन करणाऱ्याचा क्रमांक त्याच्या संमतीविना दाखवावा का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये, क्रमांक झाकण्याची सोय नसलेली ही सेवा त्या राज्याच्या कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला. डिसेंबर १९९५ पासून राज्याराज्यांतील फोनवर क्रमांक दाखवण्याचा नियम तेथे लागू झाला, त्यासोबत *६७ दाबून क्रमांक झाकण्याचा हक्कही मान्य झाला.

आजचा प्रश्न अधिक गंभीर आहे. निरोपातील तपासणीचा अंक तारेतील खरखर पकडतो, खोटेपणा पकडत नाही. केंद्राकडे खोटा क्रमांक आला, तर तोच क्रमांक अचूक बेरजेसह मोडेमपर्यंत पोहोचतो. याचाच लाभ घेऊन परदेशातून केलेले फोन भारतीय क्रमांकाच्या आड येऊ लागले आणि 'डिजिटल अरेस्ट'सारख्या फसवणुकीत अनेकांनी आयुष्याची पुंजी गमावली. दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे फोन अडवणारी प्रणाली सुरू केली. तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन बनावट क्रमांकाचे ठरवून रोखण्यात आले. भारतीय क्रमांक घेऊन परदेशातून येणाऱ्या फोनपैकी हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते, असे सरकारने जाहीर केले. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार अशी छेडछाड करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून मोडेमने केलेली नोंद जपून ठेवावी, पण ती साक्ष म्हणून. निकाल म्हणून नव्हे. बँक, पोलिस किंवा न्यायालय यांच्या नावाने फोन आला आणि क्रमांक खरा दिसला, तरी फोन ठेवून त्या कार्यालयाच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करणे हाच सुरक्षित मार्ग. संशयास्पद फोनची माहिती 'संचार साथी'च्या 'चक्षू' सुविधेवर देता येते. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. तेव्हा नोंदवहीतील तारीख, वेळ आणि क्रमांक ही माहिती हाताशी असली, तर तक्रार नेमकी होते.

एका ओळीच्या आज्ञेने मोडेम ऐकू लागतो आणि केंद्राने सांगितलेला क्रमांक तो जसाच्या तसा लिहून ठेवतो. समोर खरोखर कोण बोलत आहे, याची खातरजमा मात्र फोन उचलणाऱ्यालाच करावी लागते.